पाव आटा

आमच्या पिकअपच्या डाव्या दारावर गंजाचा एक डाग आहे. तो हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखा दिसतो. कोकणपट्टी जरा जास्तच खाल्ली गेली आहे, आणि गेल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे चंद्रपूरही गळून पडलं. पण पुणं अजून शाबूत आहे. गाडी १९९३ सालची डॉज. मी तिच्याहून तीस वर्षांनी जुना. डेन्व्हरच्या उत्तरेला आमचं घर आहे आणि घरापुढे ही उभी असते. गल्लीतल्या बाकीच्या गाड्या मांजरीच्या पावलांनी येतात-जातात, त्यातल्या कित्येक आता विजेवरच्या. आमची सुरू झाली की साऱ्या गल्लीला कळतं, हे दूध आणायला निघाले.

ही घेतलीस कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. मी दरवेळी वेगळं उत्तर दिलं. स्वस्त मिळाली, सामान आणायला बरी पडते, नव्या गाड्यांत कॉम्प्युटर फार असतात. (जन्मभर कॉम्प्युटरवर पोट भरलेल्या माणसाने हे म्हणावं!) खरं कारण पुढच्या मडगार्डवर होतं. तिथे ‘कमिन्स’ असं नाव होतं, आणि ते नाव मी अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ऐकत आलो आहे. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली आणि तिचा कारखाना कोथरूडला झाला. वडील तिथे मशिन शॉपला होते. नारायण पेठेतून सायकलने जायचे. त्या काळी कोथरूडला जाणं म्हणजे गावाबाहेर जाणं. आता कोथरूडची मंडळी नारायण पेठेला गावाबाहेर समजतात. संध्याकाळी वडील घरी यायचे ते कटिंग ऑइलचा वास घेऊन. आईने तो वास तीस वर्षं धुतला. गेला नाही. वडील गेल्यावर मात्र पंधरा दिवसांत गेला.

त्यांच्या हातांखालून गेलेली इंजिनं थोरली होती, जनरेटरची आणि डंपरची. माझ्या गाडीतलं त्या मानाने शेंडेफळ. पाच पूर्णांक नऊ लिटरचं, सहा सिलिंडरचं. त्याला स्पार्क प्लग नाहीत, टायमिंगचा पट्टा नाही, आत सगळे दात्यांचे गिअर. एकदा सुरू झालं की चालत राहायला विजेची एकच तार पुरते. हे इंजिन मुळात ट्रॅक्टरवाल्या कंपनीच्या भागीदारीत घडलेलं, म्हणजे शेतावर राबायला जन्मलेलं. १९८९ मध्ये डॉजने ते पिकअपमध्ये बसवलं. त्याचीच भावंडं पुढे टाटांच्या भागीदारीत जमशेदपूरला तयार झाली आणि टाटांच्या ट्रकांत बसली. खंबाटकी घाटात तुमच्या पुढे ट्रक रखडत असेल आणि तुम्ही त्याला शिव्या देत असाल, तर जरा जपून. तो आमच्या नात्यातला असू शकतो.

ताकद म्हणाल तर १६० अश्वशक्ती, आणि टॉर्क ४०० पाउंड-फूट. त्या काळी हे आकडे ऐकून लोक मान डोलवत. याच घराण्याच्या पिकअपमध्ये २०२१ साली ४२० अश्वशक्ती आणि १०७५ पाउंड-फूट टॉर्क मिळू लागला. टॉर्कला मराठीत पुस्तकी शब्द आहे, पण मला ‘ओढ’ बरा वाटतो. अडचण एवढीच की ओढ इंजिनाला असते तशी माणसालाही असते, आणि गाडी घेताना कोणाची ओढ किती होती हे मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग मी निवृत्त झालो आणि आम्ही कॅम्पर घेतला.

कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. चोवीस फूट लांब, आत ओटा, पलंग, न्हाणीघर. आकार सरळ कपाटाचा. वाऱ्याची कसलीच पर्वा न करणारा. पहिल्याच सहलीला आम्ही डोंगरापलीकडे गेलो. येताना सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सुमारे ८ मैलांचा चढ लागतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे हवा इतकी विरळ की माणसाला जिना चढतानासुद्धा दम लागतो, मग गाडीने काय करावं? मी तिसरा गिअर टाकला, उजवी लेन धरली, दिवे लुकलुकत ठेवले. काटा चाळिसावर आला आणि तिथेच बसला. शेजारून एकेक गाडी जात होती. शेवटी मेंढ्यांनी भरलेला एक दुमजली ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. वरच्या मजल्यावरच्या मेंढ्या जाळीतून आमच्याकडे पाहत होत्या.

“त्यासुद्धा बघतायत,” बायको म्हणाली.

बस्स. ओढ वाढवायचीच, असं मी त्या क्षणी ठरवलं.

माझी भाची कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजमधून इंजिनियर झाली आणि आता इंडियानात कोलंबसला असते. हे गाव म्हणजे कमिन्सचं माहेर. तिथे पुण्याची इतकी माणसं आहेत की गणपतीत मोदकांच्या पाळ्या लावाव्या लागतात. तिला फोन केला. ती इंजिनांतलीच, पण तिच्या पिढीतली. म्हणजे इंजिनाशी लॅपटॉपमधून बोलणारी. माझ्या गाडीचं वर्ष ऐकून ती थोडा वेळ गप्प होती.

“मामा, तुझ्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही.”

“म्हणूनच तर घेतली.”

“मग तुला स्क्रू फिरवावा लागेल.”

तर ही त्या स्क्रूची हकीकत. या इंजिनावर बॉशचा डिझेल पंप असतो. पंपाच्या मागच्या बाजूला एक स्क्रू असतो, तो आत घेतला की सिलिंडरमध्ये डिझेल जास्त जातं. डिझेल जास्त, जाळ जास्त, ओढ जास्त. पंपाच्या डोक्यावर झाकणाखाली आणखी एक दातेरी चक्री असते आणि एक तिरकी घासलेली सुई असते. टर्बोचा दाब वाढेल तसं डिझेल किती सोडायचं ते ही दोघं ठरवतात. विशेष म्हणजे या सगळ्याला पैसे पडत नाहीत. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि मन घट्ट. भाचीने बजावलं, “पाव आटा, मामा. फक्त पाव. मग चालवून बघ.”

पाव आटा हे माप पुणेरी माणसाला अपमानास्पद वाटतं. इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी एक स्क्रू हाती लागला आहे आणि तो पाव आटा फिरवायचा? मी पूर्ण एक फिरवला.

इंजिन सुरू केलं. ते जागच्या जागी असं ओरडू लागलं की जणू मी पाय पेडलवर ठेवून विसरलो आहे. मी तर बाहेर उभा होतो! धावत आत गेलो, सवयीने पेडल एकदा दाबलं, आणि मागून जो काळा लोट निघाला तो थेट शेजाऱ्याच्या पांढऱ्या, नुकत्याच धुतलेल्या गाडीवर जाऊन बसला. शेजारी सभ्य माणूस. तो म्हणाला, “सगळं ठीक ना?” पुण्यात याच प्रश्नाला वेगळे शब्द मिळाले असते. कोलोरॅडोत मुद्दाम काळा धूर सोडणाऱ्यांवर २०१७ पासून दंड आहे. माझा मुद्दाम नव्हता, पण धुरावर तसं लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी भाचीला सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, “आजीची चूल आठवते का?”

आठवते. कोकणात आजोळी चूल होती. मी लहान असताना उत्साहाने चुलीत लाकडं कोंबायचो आणि घरभर धूर करायचो. आजी दोन लाकडं बाहेर ओढायची, फुंकणी घ्यायची आणि सावकाश फुंकायची. जाळ निळा-पिवळा होऊन सरळ उभा राहायचा. डिझेल इंजिनात दुसरं काही नसतं. डिझेल म्हणजे सरपण, टर्बो म्हणजे फुंकणी. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं सरपण. हवा वाढवल्याशिवाय सरपण वाढवलं की घर तेवढं काळं होतं. माझ्या गाडीला इंटरकूलर आहे, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा गार करून आत सोडण्याची सोय. गार हवा दाट, दाट हवेत जाळ चांगला. हे सगळं आजीला ठाऊक होतं, तिने फक्त त्याला नावं दिली नव्हती.

“आणि आधी पायरोमीटर लाव,” भाची म्हणाली. “तापमान न बघता डिझेल वाढवणं म्हणजे ताप न मोजता पेशंटला पळायला लावणं.”

पायरोमीटर म्हणजे टर्बोच्या आधी, धुराच्या वाटेत बसवायचा तापमापक. जाणकार मंडळी सांगतात की लांब चढावर काटा १२५० फॅरनहाइटच्या वर राहू देऊ नये. म्हणजे ६७७ सेल्सिअस. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं. हा हिशोब करून मी रात्री दीड वाजता अंथरुणात उठून बसलो. मग भाचीने समजावलं की वायू तेवढा तापला तरी पिस्टन तेवढा तापत नाही, त्याला खालून तेलाच्या पिचकाऱ्यांनी सतत गार केलं जातं. तरीही लांबच्या चढावर, जड ओझं घेऊन, पाय दाबून धरला की एखाद्या पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून तो काटा. तो लावल्यापासून चढावर मी डोंगर पाहिलेले नाहीत.

ओढीची खरी मौज अशी की ती एकटी येत नाही. वाड्यात नळ बदलायला प्लंबर बोलवावा, त्याने भिंत फोडावी, भिंतीमागे तुळई कुजलेली निघावी आणि दिवाळीपर्यंत आपण काकांकडे राहायला जावं, तसं. डिझेल वाढवलं की क्लच घसरायला लागतो. दणकट क्लच घातला की गिअरबॉक्सची चिंता लागते. गिअरबॉक्स निभावला तर मागचा ॲक्सल. सगळं सांभाळून वर पोचलात तर मग खाली उतरायचं असतं. त्याबद्दल पुढे.

या भानगडीत भाचीने एक साधा प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “वजन किती आहे रे?”

वजन मला माहीत नव्हतं. आपण मोजत नाही. वजन ही दुसऱ्याची गोष्ट, अशी आपली समजूत असते. मोठ्या ट्रकांच्या थांब्यावर वजनकाटा असतो, थेट साखर कारखान्याच्या गेटवर असतो तसा. फरक इतकाच की इथे रांगेत पुढे-मागे कोणी ऊस तोडून खात नाही. चिठ्ठी आली. गाडी आणि कॅम्पर मिळून १२,४०० पाउंड. साडेपाच टनांच्या वर. मी हिच्याकडे पाहिलं. मला पाटा-वरवंटा आठवला. तो तिच्या आजीचा, पुण्याहून बोटीने आलेला, आणि कॅम्परमध्ये ओट्याखाली त्याला स्वतंत्र जागा आहे. त्याशिवाय दोन कुकर, मिक्सर, बासमतीची गोणी, पोह्यांचा डबा. “बघ,” मी म्हणालो, “स्वयंपाकघर किती जड झालंय.”

ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायला घेतली. स्वयंपाकघर पाट्या-वरवंट्यासकट ९५ पाउंड भरलं. मग तिने माझ्या अवजारांच्या पेट्यांकडे बोट केलं. एक जास्तीचा स्टार्टर, एक अल्टरनेटर, पाण्याचा पंप, दोन जॅक, साखळदंड, इंजिन ऑइलचे चार कॅन, पान्यांचे तीन संच (इंची, मिलिमीटर आणि वडिलांचे). एकूण ४१० पाउंड. “लागेल” या एका शब्दापोटी मी जवळपास पावणेदोनशे-दोनशे किलो लोखंड डोंगरावर चढवत होतो आणि उतरवत होतो. सव्वातीन टक्के ओझं! तेवढं काढलं तरी इंजिनाला चढावर पाच अश्वशक्ती मिळाल्यासारखं होतं, आणि एकही स्क्रू फिरवावा लागत नाही.

मग मला वजाबाकीचा नाद लागला. आधीच्या मालकाने गाडीला पस्तीस इंची टायर घातले होते. दिसायला रुबाबदार, गाडी कशी ताठ उभी. पण मोठं चाक म्हणजे लांब पावलं. लांब पावलं टाकत चढ चढून बघा. कंपनीतून आली तेव्हाचे टायर साडेएकतीस इंचांच्या आसपासचे होते. मागच्या ॲक्सलचं प्रमाण ३.५४, ते या टायरांमुळे ३.२० असल्यासारखं झालं होतं. म्हणजे आधीच्या मालकाने रुबाबासाठी दहा टक्के ओढ दान केली होती, आणि मी ती स्क्रूने परत मागत होतो. शिवाय वेगाचा काटाही खोटं बोलत होता. पन्नास दाखवायचा तेव्हा गाडी पंचावन्नने जायची. त्या मेंढ्यांच्या चढावर काटा चाळीस दाखवत होता, म्हणजे आम्ही चव्वेचाळीसने जात होतो. ही गोष्ट मी घरी तीन वेळा सांगितली. जुन्या मापाचे टायर घातल्यावर गाडी बुटकी दिसू लागली आणि घाटात माणसात आली.

आता उतार.

ज्याच्या नावाची ही कंपनी तो क्लेसी कमिन्स मुळात एका सावकाराच्या घरचा ड्रायव्हर. त्याच सावकाराच्या पाठबळावर १९१९ साली कोलंबसला कंपनी निघाली. डिझेल स्वस्तात पळतं हे लोकांना पटेना, तेव्हा त्याने एका मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि १९३० च्या जानेवारीत ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. इंधनाला लागले १ डॉलर ३८ सेंट. पुढच्या वर्षी तो डिझेल ट्रक घेऊन देश ओलांडायला निघाला. कॅलिफोर्नियात कहॉन खिंडीच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले, आणि खाली रस्त्याला आडवी मालगाडी चालली होती. गाडीचा शेवटचा डबा थोडक्यात पुढे सरकला आणि ट्रक मागून निसटला. पळवण्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या दिवशी थांबवण्याचा विचार चिकटला. निवृत्तीनंतर त्याने इंजिनालाच ब्रेक करण्याची युक्ती काढली आणि १९६१ पासून ती बाजारात आली.

डिझेलची ही खोड मुळातली आहे. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन गाडीला मागे धरतं. डिझेलला हवेच्या वाटेत झडपच नसते. पाय उचलला तरी ते मोकळा श्वास घेत पळत राहतं, आणि मागून सहा हजार पाउंडांचं स्वयंपाकघर ढकलत असतं.

लोणावळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात ती आपल्याला दिसतात, कारण तेवढ्या वेळात आपण वडापाव खातो. उताराच्या बाजूला चढावर वळवलेले आंधळे रूळ मात्र कोणी दाखवत नाही. गाडी हाताबाहेर गेली तर तिला त्यावर घालून थोपवायचं, अशी ती सोय. इथेही डोंगरात रस्त्याच्या कडेला रेतीचे चढते फाटे ठेवलेले असतात, सुटलेल्या ट्रकांसाठी. पहिल्या सहलीत त्यांच्या पाट्या मी गंमत म्हणून वाचल्या होत्या.

तेव्हा मोठ्या टर्बोसाठी बाजूला ठेवलेले पैसे मी एक्झॉस्ट ब्रेकला घातले. धुराच्या नळीत एक झडप. बटण दाबलं की ती मिटते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते गाडीला मागे ओढून धरतं. कॅम्परचे विजेचे ब्रेक तपासून घेतले, गाडीचे मागचे ड्रम उघडून साफ केले. बसवून देणारा मेकॅनिक म्हणाला की लोक माझ्याकडे येतात ते आणखी जोरात चढायला. जोरात उतरलेले फारसे परत येत नाहीत. गिअरबद्दल त्याने जे सांगितलं ते मला एसटीच्या ड्रायव्हरांनी लहानपणीच सांगितलं होतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

स्क्रू मी परत मागे घेतला आणि मूळ जागेपासून पाव आटा आत ठेवला. धुराच्या चाचणीत गाडी पास झाली. भाचीला कळवलं. तिने नुसता अंगठा पाठवला.

या उन्हाळ्यात पुन्हा तोच चढ चढलो. टायर जुन्या मापाचे, ओझं चारशे पाउंडांनी कमी, स्क्रू पाव आटा, पायरोमीटर ११०० च्या आसपास. वेग खरोखरचा पन्नास. ८ मैलांना ताशी चव्वेचाळीसने सुमारे अकरा मिनिटं लागतात, पन्नासने साडेनऊच्या थोडं वर. एवढ्या उपद्व्यापाने मी सव्वा मिनिट कमावलं. चहासुद्धा उकळत नाही. ही म्हणाली, मेंढ्यांच्या वेळी देखावा जास्त नीट दिसला होता.

बोगदा ओलांडून उताराला लागलो, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. इंजिन घशातल्या घशात घोरायला लागलं. मी तिसऱ्यातच होतो, ब्रेकला पाय लावावा लागला तो दोनदा. बाजूच्या लेनमधून एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या चाकांतून जळक्या ब्रेकचा वास येत होता. काचा वर केल्या.

अवजारांच्या दोन पेट्या सध्या गॅरेजच्या दाराशी पडून आहेत. स्टार्टर, अल्टरनेटर, साखळदंड, सगळं उत्तम स्थितीत. वडिलांचे पाने काढून ठेवले आहेत, ते मिळणार नाहीत. बाकीचं कोणाला हवं असेल तर जरूर घेऊन जा. फक्त उचलायला दोघे या.